वहीत नसलेला रकाना

मळ्यांमधून बोमेटकडे उतरणारी ही वाट
माझ्या गमबुटांना तोंडपाठ आहे.
पिशवीत वही, वहीत घरं,
घरांपुढे छापील रकाने:
ताप, खोकला, गरोदर, लस.
शेवटचा मी आखला. पट्टी नव्हती, वाकडा आला.
वर लिहिलं: घास.

"घास अडकतो का?" एवढंच विचारते.
लोक हसतात.
"तापकिगेन, अडकायला आधी घास तर हवा!"
मीही हसते, आणि पुन्हा विचारते.

माझ्या वडिलांनी आधी मांस सोडलं.
म्हणाले, दात गेले.
मग किम्येत सोडला. म्हणाले, पीठ जाडं आहे.
आईनं पीठ चाळलं,
मग पातळ शिजवलं, मग फडक्यातून गाळलं,
आणि आम्ही सगळे जात्यालाच दोष देत राहिलो.
दुकानातल्या पित्ताच्या पांढऱ्या गोळ्या,
चार महिने.
दवाखान्यात नळी घातली,
तेव्हा नळीलाही वाट मिळाली नाही.
"गिळता येत नव्हतं, तर सांगायचं ना,"
डॉक्टरीणबाई म्हणाल्या.
गिळता येत नाही, एवढं मात्र
त्यांनी अगदी सहज गिळलं होतं.

अराप सिगेइंच्या अंगणात मी पोचले
तेव्हा ऊन कलतं होतं.
"चामगेई!" आवाज खणखणीत.
ताप नाही. खोकला नाही.
"आणि घास?"
"बैल आहे मी अजून."
चुलीपाशी ताबुतानी, पाठ माझ्याकडे.
ती पाठ काहीतरी सांगत होती,
पण पाठीची भाषा मला येत नाही.

मी फुली मारली, वही मिटली.
फाटकापाशी त्यांचा कुत्रा पसरला होता.
भुंकला नाही. एक डोळा उघडून
त्यानं तो परत मिटला.
आमच्या डोंगरात कुत्र्यांच्या फासळ्यांवर
पोरं आकडे शिकतात.
याचं पोट मात्र मातीला टेकलेलं,
कातडी चुनमुन्या तुपासारखी चकाकणारी.

मी तिथंच थांबले.
मग वळून परत आले.
"याला कोण जेवू घालतं?"

ताबुतानीच्या हातातली पळी हवेत राहिली.
अराप सिगेइंनी टोपी काढली,
आत बघितलं, पुन्हा घातली.
"ती बघते म्हणून हातात घेतो," ते म्हणाले.
"ती वळली की बाकाखाली."
छातीच्या मधोमध बोट टेकवलं.
"इथं. मका खुडला तेव्हापासून.
आधी पाणी प्यालं की सुटायचा.
आता पाणीसुद्धा तिथं येऊन विचार करतं."

भीती घालायची नाही, हे आम्हाला शिकवलंय.
खोटा धीर द्यायचा नाही, हे मी शिकले.
मधली जागा फार अरुंद,
त्या घशाएवढीच.
तिथूनच बोलले:
"अडकलेला प्रत्येक घास तो आजार नसतो.
पण आहे की नाही,
हे तुम्ही, मी आणि हा कुत्रा मिळून ठरवू शकत नाही.
गुरुवारी दुर्बिणीची नळी घालतात.
थांबू नका. माझ्या घरी थांबलो होतो आम्ही."

बुधवारी वासरू विकलं.
गुरुवारी पहाटे मोटारसायकलवर तिघं:
चालवणारा, मध्ये ते,
मागे ताबुतानी, त्यांना घट्ट धरून,
जणू तेच वासरू होते आणि सुटून पळणार होते.

त्यानंतर बऱ्याच खेपा झाल्या, त्या मी इथं लिहीत नाही.
काही वाईट होत्या.

मका दोनदा खुडून झाला.
काल त्या फाटकाशी गेले
तर कुत्रा अंगावर धावून आला,
रोडका, चिडका, फासळ्या मोजाव्यात असा.
मी दगड उचलला नाही. वही काढली.
कुठल्या रकान्यात लिहावं, कळेना.

आतून ताबुतानी ओरडली,
"घाबरू नकोस गं त्याला!
हल्ली त्याच्या वाटणीला काही उरत नाही."